धारातीर्थी

नंदुरबारचं मूल ‘हुतात्मा’ हा शब्द फार लवकर शिकतं. ‘आत्मा’ म्हणजे काय हे कळायच्या कितीतरी आधी ‘हुतात्मा शिरीषकुमार’ हे जोडनाव त्याच्या तोंडी बसलेलं असतं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘भारत छोडो’ आंदोलनाला महिना झाला त्या दिवशी, गावात मिरवणूक निघाली. पुढे तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता, वय वर्षं पंधरा. घोषणा गुजराती होती, कारण व्यापारी गावातल्या त्या पोरांपैकी बऱ्याच जणांची घरची बोली गुजराती होती. माणिक चौकात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार गेला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हेही गेले. पाचही पोरंच होती. गुजराती, अहिराणी आणि मराठी अशा तिन्ही भाषा कानावर पडणाऱ्या या गावाने त्यांच्यासाठी संस्कृत घडणीचा मराठी शब्द उचलला आणि तो आजतागायत खाली ठेवलेला नाही.

‘हु’ या धातूचा अर्थ अग्नीत अर्पण करणं. हवन, होम, आहुती, यज्ञातला होता, ही सगळी त्याचीच लेकरं. ‘हुत’ म्हणजे अर्पिलेलं. ज्याने स्वतःलाच अर्पण केलं तो हुतात्मा. शब्द दिसतो वेदकाळातला, पण आज आपण ज्या अर्थाने तो वापरतो तो मराठीत रुळला विसाव्या शतकात, सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून. महापौर, दिग्दर्शक, दूरध्वनी यांच्याच पंगतीत बसणारा हा शब्द. ‘शहीद’च्या जागी तो सुचवला गेला आणि महाराष्ट्राने तो मनापासून घेतला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर मुंबईचं फ्लोरा फाउंटन हुतात्मा चौक झालं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत हुतात्मा स्मारकं बांधली. शब्द आधी कागदावर आला, मग दगडावर गेला, आणि मग माणसांच्या बोलण्यात मुरला. शंभर वर्षांच्या आत एवढं घर करणारे घडवलेले शब्द मराठीत थोडे आहेत.

या शब्दाच्या पोटात एक व्याकरण आहे. यज्ञात आहुती पडते तेव्हा ती कोणाला तरी पडते. ‘अग्नये स्वाहा’, ‘इंद्राय स्वाहा’. ‘स्वाहा’ म्हटलं की पुढ्यातल्या देवतेला चतुर्थी लागते, असा पाणिनीचा नियमच आहे. म्हणजे हुतात्मा म्हटल्याबरोबर कान विचारतात, कोणासाठी? शिरीषकुमारच्या बाबतीत उत्तर हातातल्या झेंड्यातच होतं. देशासाठी, स्वातंत्र्यासाठी. शब्द आणि मरण एकमेकांना चपखल बसले.

आता त्याच युद्धकाळातलं दुसरं मरण घेऊ. माणिक चौकातल्या गोळीबारानंतर बावीस महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी जर्मन ठाण्यावर चालून गेली. एका सेक्शनचा म्होरक्या होता नाईक यशवंत घाडगे, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला, पळसगावचा. वय बावीस. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या सेक्शनमधला एकूण एक माणूस मेला किंवा जखमी झाला. उभा राहिला एकटा घाडगे. तो मशीनगनवर धावला. आधी ग्रेनेड टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प झाले. मग हातातल्या टॉमीगनने त्या टोळीतला आणखी एक टिपला. मॅगझीन संपलं. नवं चढवायला वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. ते ठाणं त्याने एकट्याने घेतलं आणि तिथेच, लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एक पोरगा इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळीने गेला, दुसरा त्याच सरकारच्या फौजेत लढताना. घाडगेला हुतात्मा म्हणायला मराठी जीभ वर्षानुवर्षं अडखळत आली, आणि ती का अडखळते हे आता दिसतं. चतुर्थी सापडत नाही. कोणासाठी? बादशहासाठी? लंडनसाठी? की नाझींच्या हाताखाली गेलेल्या युरोपसाठी? प्रत्येक उत्तरात काहीतरी खरं आहे आणि एकही पुरं पडत नाही. म्हणून मराठीने अशा मुलांबद्दल बरीच वर्षं गप्प राहणं पसंत केलं. मला ही गोष्ट सलते. बावीस वर्षांच्या मुलाने ज्या फौजेत नाव घातलं ती कोणाची होती, याचा हिशोब त्याच्या मरणाच्या आड का यावा?

रणात गेलेल्यांसाठी मराठीकडे ‘हुतात्मा’च्या आधीपासून शब्द होते. ते नीट पाहिले तर गंमत कळते, की ते कोणासाठी हे विचारतच नाहीत. ते विचारतात, कुठे. रणी पडला. धारातीर्थी पडला. कामी आला. तिन्हींच्या टोकाला तोच ‘ई’ आहे, घरी, दारी, पायी यांतला. सप्तमीचा ई. आपल्या भाषेने लढाईतलं मरण चतुर्थीत मांडण्याआधी शतकानुशतकं सप्तमीत मांडलं.

त्यातला ‘धारातीर्थी’ मला सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि तापीकाठच्या माणसाला तो तसा वाटणं साहजिक आहे. तरणं, तीर आणि तीर्थ हे एकाच धातूचे. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडायची जागा, उतार. पवित्रता नंतर आली. जिथून माणसं पलीकडे जातात त्या जागेला हळूहळू देवळं लागली, घाट लागले, पिंडदान लागलं. शहादा तालुक्यातलं प्रकाशा हे याचं आमच्याकडचं उत्तम उदाहरण. तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणून ख्याती, केदारेश्वराचं देऊळ. खानदेशातली कितीतरी घरं आपल्या माणसांच्या अस्थी इथेच सोडतात. उतारावरून नदी ओलांडणारा आणि जग ओलांडणारा, दोघांनाही तीर्थच लागतं.

आणि ‘धारा’? तिला दोन अर्थ आहेत. पाण्याची धार आणि तलवारीची धार. संस्कृतातल्या कोणा कल्पक माणसाने हे दोन्ही एकत्र बांधले आणि रणभूमीला धारातीर्थ म्हटलं. तलवारीच्या धारेचं तीर्थ. तिथे जो पडला तो ओलांडून गेला, त्याला वेगळ्या नदीची गरज उरली नाही. यात सांत्वन आहे, पण फसवं नाही. हा शब्द मृताला ‘तू अमर आहेस’ असं सांगत नाही. तो एवढंच म्हणतो, की तू जिथे पडलास तीच जागा तुझ्यापुरती प्रकाशा आहे.

हे शब्दाचं लालित्य म्हणून सोडून देता येत नाही, कारण परमुलखात पडलेल्यांच्या घरी दुसरं काही येतच नव्हतं. आज बातमीत आपण ‘पार्थिव आणलं’ असं वाचतो. पार्थिव म्हणजे पृथ्वीचं, मातीचं. संस्कृतात याच शब्दाचा दुसरा अर्थ राजा, पृथ्वीचा धनी. माती आणि राजा एकाच शब्दात मावतात. पण घाडगेचं पार्थिव कधी पळसगावी आलं नाही. त्याला ज्ञात थडगंही नाही. त्याचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर कोरलेलं आहे, ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही त्यांच्या रांगेत. ज्या हिंदू आणि शीख शिपायांना तिकडेच अग्नी दिला त्यांच्यासाठी सांग्रो नदीपाशी आणि फोर्लीला दहनस्मारकं आहेत. नावं आहेत, राख तिथल्याच मातीत. यांतल्या एकाही घराला अस्थी घेऊन संगमावर उभं राहायला मिळालं नाही. अशा आईबापांना कोणी ‘तुमचा मुलगा धारातीर्थी पडला’ असं म्हटलं असेल, तर ती भाषेची सजावट नव्हती. राहून गेलेला एक विधी त्या शब्दात उरकला जात होता.

आता ‘कामी आला’. कर्म, त्याचं प्राकृत कम्म, त्याचं काम. ‘कामास आले’, ‘कामी आले’ ही बखरींची आणि जुन्या पत्रांची भाषा. लढाई हे काम, आणि माणूस त्या कामी लागला. काही लोकांना हा शब्दप्रयोग कोरडा वाटतो. मला वाटत नाही. शेतात, मोटेवर, गुऱ्हाळात राबणाऱ्यांच्या भाषेत काम हा हलका शब्द कधीच नव्हता. ‘तो कामाला आला’ ही आपल्याकडे कोणाबद्दलही म्हणायची मोठी गोष्ट आहे. याच्याच शेजारचा ‘खर्ची पडले’ मात्र वेगळा. तो फारसी खर्चातून आलेला, दप्तराच्या माणसाचा शब्द. माणसं जमेच्या बाजूची उचलून नावेच्या बाजूला टाकली, असं तो सांगतो. सेनापती चुकला की मराठी माणूस हाच शब्द काढतो, आणि तिथे तो बरोबर बसतो.

खर्ची घातलेल्यांची दप्तरं कशी असतात याचा पुरावा बसऱ्याला आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुटच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, कैदेत गेल्या. तिथे पडलेल्यांसाठी इंग्रजांनी बसऱ्याचं स्मारक उभारलं. त्यावर गोऱ्या सोजिरांची नावं होती, हिंदी अधिकाऱ्यांची होती. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचं नाव आणि खाली संख्या. हा भेदभाव होता, हे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये मान्य केलं. शंभर वर्षं गेली. मराठीत ‘नाव काढणं’ याचे दोन अर्थ आहेत, एक कीर्ती मिळवणं आणि दुसरा आठवण करणं. त्या मुलांना दोन्हींना मुकावं लागलं. नुसत्या संख्येला कसं आठवायचं?

साताऱ्याकडच्या एका गावाने मात्र वेगळाच मार्ग काढला. अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले, आणि त्या गावाच्या नावालाच शब्द जोडला गेला, अपशिंगे मिलिटरी. एसटीच्या पाटीवर, पत्त्यात, लग्नपत्रिकेत. इंग्रजी शब्द असा गावाच्या नावात कायमचा मुक्कामाला आलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शिपायांची नावं स्मारकाने गाळली तरी गावाने आपल्या नावात त्यांना जागा दिली.

मेलेल्यांचे शब्द झाले, जिवंतपणाचेही पाहू. घाडगे नाईक होता. संस्कृत ‘नी’ म्हणजे नेणं, त्यातून नायक, त्यातून नाईक. फौजेत तो दोन फितींचा हुद्दा. पण सातपुड्यात हाच शब्द उच्चारला की वेगळे चेहरे समोर येतात. भिल्लांच्या टोळीचा मुख्य तो नाईक. १८५७च्या उठावात खाज्या नाईक, भीमा नाईक यांनी इंग्रजांना सळो की पळो केलं. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी चकमक झाली. त्याच खानदेशात १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली होती, म्हणजे एका नाईकाला पकडायला दुसरा नाईक. इंग्रजांनी हा शब्द घेतला तो या देशातूनच, आणि ज्यांच्याविरुद्ध वापरला तेही नाईकच. नवापूर-अक्कलकुव्याकडे आज नाईक हे साधं आडनाव आहे. शाळेच्या हजेरीपटावर ते वाचताना मला कधी अंबापाणी आठवते, कधी टायबरचं खोरं.

‘शिपाई’ फारसी सिपाहीवरून, ‘सिपाह’ म्हणजे सैन्य. इंग्रजांनी त्याचा सिपॉय केला. आपल्याकडे तो चौकीवर आणि कचेरीच्या दाराशी येऊन बसला, त्यामुळे लढणाऱ्यासाठी दुसरा शब्द लागला. ‘नोकरी’चा प्रवास तर मंगोलियातून. मंगोल भाषेत नोकोर म्हणजे सरदाराचा सोबती, त्याच्या बरोबरीने घोड्यावर बसणारा. फारसीतून येता येता सोबत्याचा चाकर झाला. तरी ‘पलटणीत नोकरीला आहे’ असं जेव्हा एखादी आई म्हणते, तेव्हा त्या शब्दात सोबत्याचा जुना मान थोडासा परत येतो, असं मला नेहमी वाटतं.

पण खरा सोन्यासारखा शब्द ‘जवान’. शास्त्रीजींनी १९६५ मध्ये तो घोषणेत घातला आणि तो देशभर सैनिकाचा लाडका पर्याय झाला. फारसीत जवान म्हणजे फक्त तरुण. संस्कृतातला युवन् हा त्याचा सख्खा भाऊ. फारसीने आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ केला, जसा आपण यात्रेची जत्रा केली, योग्याचा जोगी केला, यवाचा जव केला. लॅटिनमध्ये याच घराण्यातला शब्द आहे, युवेनिस. इटालियन भाषेतही ‘य’चा ‘ज’ झाला आणि शब्द बनला ‘जोव्हाने’. म्हणजे ज्या खोऱ्यात यशवंत घाडगे पडला तिथल्या माणसांनी त्याला पाहून आपल्या भाषेत तरुण म्हटलं असेल, तर ते जवळपास ‘जवान’ असंच म्हणत होते. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या भाषा, एक पूर्वेला आली, एक पश्चिमेला गेली. दोन्हींनी तरुणपणासाठी तोच धागा धरून ठेवला. ‘वीर’चंही तसंच. लॅटिनमध्ये ‘विर’ म्हणजे पुरुष, आणि त्यावरूनच तिकडचा शौर्य-सद्गुण सांगणारा शब्द निघाला.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. ‘तरुण जवान शहीद’ असं आपण मथळ्यात वाचतो. ‘तरुण जवान’ ही द्विरुक्तीच. शब्दाच्या पोटातलं तारुण्य आपल्याला ऐकू येईनासं झालं आहे, म्हणून ते पुन्हा बाहेरून लावावं लागतं.

‘वीर’ला आमच्याकडे आणखी एक अर्थ आहे, आणि तो कोशापेक्षा होळीत जास्त भेटतो. नाशिक-खानदेशात धुळवडीला वीर काढतात. घराण्यातला कोणी पूर्वज अकाली गेलेला असतो, कोणी लढाईत पडलेला असतो, तो घराचा वीर. देव्हाऱ्यातला त्याचा टाक बाहेर निघतो, डफ-वाजंत्री लागतात, घरातली पोरं वीराचा वेश करून नाचतात, नदीवर किंवा विहिरीवर देव नेऊन न्हाऊ घालतात. त्या वीराचं पूर्ण नाव घरात कोणाला ठाऊक असेलच असं नाही. कोणत्या राजासाठी तो लढला, हे तर कोणीच विचारत नाही. तो आपल्या घरचा होता आणि वेळेआधी गेला, एवढं त्याला वर्षातून एकदा नाचवायला पुरतं.

‘शहीद’ आता सर्वत्र आहे. अरबी ‘श-ह-द’ या मूळ अक्षरांचा अर्थ साक्ष देणं. शाहिद म्हणजे साक्षीदार, शहादत म्हणजे साक्ष आणि बलिदानही. श्रद्धेची साक्ष प्राण देऊन देणारा तो शहीद. युरोपात रूढ असलेल्या शब्दाचं ग्रीक मूळही साक्षीदारच. शब्द भारदस्त आहे, त्याच्यामागे इतिहास आहे, भगतसिंगांच्या नावाला तो लागला तेव्हापासून तो कोणा एका धर्माचा राहिलेला नाही. पण लष्कर स्वतः तो वापरत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सैन्याच्या मुख्यालयाने आपल्या सर्व विभागांना पत्र लिहून त्याऐवजी दुसरे शब्द वापरायला सांगितलं. ‘सर्वोच्च बलिदान’, ‘रणात पडलेले वीर’ अशा अर्थाचे. कारण सरळ आहे. धर्मासाठी किंवा मतासाठी प्राण देणारा वेगळा आणि हुकूम मिळाला म्हणून पुढे जाणारा सैनिक वेगळा. सैनिक साक्ष द्यायला जात नाही. तो कामावर जातो. ‘कामी आला’ म्हणणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना हा फरक पत्र न मिळताही कळला होता.

वर्तमानपत्रांनी शब्दांची वाटणी करून टाकली आहे. पलीकडचे ‘ठार’ होतात, किंवा त्यांना ‘कंठस्नान’ घातलं जातं. आपले ‘शहीद’ होतात. कंठस्नान हाही पाण्याचाच शब्द, धारातीर्थाचा दूरचा नातलग, पण त्यातली करुणा कोणीतरी काढून घेतली आहे.

११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मीरमध्ये बांदीपोरातल्या हाजीन इथे दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत हवाई दलाच्या गरुड कमांडो पथकाचे दोन जवान पडले. त्यांतले सार्जंट मिलिंद किशोर खैरनार हे मूळचे नंदुरबार जिल्ह्यातले. दोघांनाही मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. खैरनारांचं पार्थिव गावी आलं. त्या दिवसांतलं बोलणं मी लक्षपूर्वक ऐकलं होतं. माइकवर ‘शहीद’, ‘हुतात्मा’, ‘वीरपुत्र’ हे सगळे शब्द होते, आणि ते म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. गर्दीत उभ्या बायाबापड्या मात्र एकमेकींना हलक्या आवाजात एकच प्रश्न विचारत होत्या. कुठं पडला? काश्मिरात म्हणजे कुठं? म्हातारी माणसं तर गावाचं नाव दोनदा विचारून घेत होती. सप्तमी अजून जिवंत आहे, आणि ती व्यासपीठाच्या खाली आहे.

तिथेच आणखी एक गोष्ट ऐकू आली. भाषणात ‘ते’, घरात ‘तो’. मराठी माणूस गेला की त्याला आदरार्थी बहुवचन लागतं. स्मारकावर ‘त्यांनी’ येतं. आई मात्र ‘त्यानं’च म्हणते, कारण तिच्यासाठी तो कधी अनेकवचनी झालेलाच नसतो. बावीस वर्षांच्या घाडगेला मी या लेखात ‘तो’ म्हणत आलो आहे. मला ते बरोबर वाटतं. शिरीषकुमारला ‘तो’ म्हणताना नंदुरबारला कधी अवघडल्यासारखं झालं नाही, उलट त्या ‘तो’मध्ये सारं गाव आहे.

सातासमुद्रापार पडलेल्यांसाठी नवे शब्दही कधी कधी अपुरे ठरतात. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या आपल्या फौजेला ‘शांतिसेना’ म्हटलं गेलं. तिथे अकराशेहून अधिक सैनिक कामी आले. मुंबईत जन्मलेले, ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी पडले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. शांतिसेनेत मरण म्हणजे काय, हे पडलेल्यांच्या घरच्यांना समजावून सांगणं सोपं नव्हतं. इथेही चतुर्थी धूसर होती.

इटलीत मात्र त्या चतुर्थीचा खटाटोप न करता आठवण ठेवणारी माणसं निघाली. पेरुजा प्रांतात मोंतोने नावाचं डोंगरावरचं गाव आहे. तिथल्या पंचायतीने आणि इटलीच्या लष्करी इतिहासकारांनी जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगेच्या नावाने स्मारक उभारलं, सूर्यतबकडीच्या रूपात. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे, त्याचा अर्थ असा की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले, त्यांतले ५,७८२ पडले. त्या मोहिमेत मिळालेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा त्यांच्याकडे गेले. दुसरा मराठा मानकरी नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला. तो एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढला आणि जिवंत परतला.

सूर्यतबकडीचं वाचून मला वीरगळ आठवले. ‘वीरगळ’मधला ‘गळ’ कानडी, ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड. खालच्या पट्ट्यात लढाई, मधल्यात त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तो. आणि अगदी शेंड्याला सूर्य आणि चंद्र. बोरिवलीजवळ एकसरला तर समुद्रातली लढाई कोरलेले वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांनी चालणारी जहाजं दिसतात. यांतल्या कित्येकांवर नाव नाही, राजाचं नाव नाही, कारण नाही. पडलेली जागा मात्र आहे, कारण दगड पुष्कळदा तिथेच उभा केलेला असतो. वीरगळ म्हणजे दगडात कोरलेली सप्तमी.

माणगावात घाडगेचा पुतळा आहे. शिरीषकुमारचं स्मारक नंदुरबारात आहेच. जिल्ह्यातल्या एखाद्या गावाला आपल्या जवानाचा फलक लावायचा असला की मजकूर सुचवायला माणसं माझ्यासारख्या मास्तरांकडे येतात. विशेषणं त्यांनी आधीच आणलेली असतात, त्यांना मी हात लावत नाही. पण एक ओळ मी आग्रहाने लिहून देतो, आणि तीत नाव, गाव, पलटण, तारीख आणि जागा एवढंच असतं. घाडगेसाठी कोणी विचारलं तर ती अशी होईल: नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव, तिसरी पलटण, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडला. ‘पडले’ लिहा, असं कोणीतरी म्हणेलच. त्याच्या घरच्यांना विचारून ठरवावं.